बाहेर जाणारी एकच लाइन

६ जानेवारी

वहिनी,

सप्रेम नमस्कार. शाळेत पत्रलेखनात ‘सप्रेम’ लिहिलं की अर्धा गुण जास्त मिळायचा, त्या सवयीने हात लिहून गेला. फार मनावर घेऊ नकोस.

तर बाबांच्या हुकमावरून हे पत्र. मागच्या रविवारी आपलं फोनवरचं भांडण चौथ्या मिनिटाला सुरू झालं, आणि तुझा फोन स्पीकरवर होता हे तू मला सांगितलं नाहीस. बाबांनी सगळं ऐकलं आणि निकाल दिला: एका तारेवर दोघींनी एकदम बोलायचं नाही, यापुढे लिहून बोला, लिहिताना मधे तोंड घालता येत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये परक्यांच्या लाइनी जोडल्या, त्याने घरातली लाइन अशी तोडली.

मी मुद्द्यावर येते. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासून तपासून मला दुसरं काही येत नाही, हे तू बऱ्याचदा म्हणतेसच.

नोव्हेंबरात बाबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि विसरले. पातेलं जळून कोळसा झालं, स्वयंपाकघर धुराने भरलं आणि बाबा मागच्या खोलीत दार लावून जुना रेडिओ उघडून बसलेले. समोरच्या घरातले गृहस्थ खिडकीची काच फोडून आत आले, तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं, “काय काम होतं?” तुम्ही सगळे हे हसून सांगता. मला हसू येत नाही. बाबा एकोणऐंशीचे आहेत आणि त्या घरात एकटे राहतात. तुम्ही दोन गल्ल्या सोडून आहात, मी विमानाने तीन तासांवर.

टेकडीवरच्या त्या वृद्धनिवासात मी बाबांचं नाव यादीत घातलंय. साधारण जूनमध्ये खोली रिकामी होईल. तोवर ते घर सुरक्षित आहे हे मला पटलं, तर बाबा घरी राहतील. नाही पटलं, तर नाही. दादाला हे सांगितलं तेव्हा तो ‘हं’ म्हणाला. तुझ्या नवऱ्याचं हे मत मी नोंदवून ठेवलंय.

आता गॅस बंद करणारं यंत्र, धूर ओळखणारं, दार उघडल्याचं सांगणारं, खोलीत कोणी हललं की कळवणारं, आपोआप लागणारे दिवे, हे सगळं बाजारात मिळतं. अडचण एवढीच की ही यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्या घरात शोभतील. त्यांना एकत्र बांधून ठेवायला मधे एक डबा लागतो, त्याला हब म्हणतात. मी एक बोलका स्पीकर पाठवलाय, त्याच्या पोटातच हब आहे. लावून घे. तुझ्या सवडीने, म्हणजे या आठवड्यात.

तुझी नणंद


१८ जानेवारी

वन्सं,

अनेक आशीर्वाद. मी तुझ्याहून तीनच वर्षांनी मोठी आहे, पण मिळेल ती संधी घेते.

तुझा बोलका डबा पोचला. बाबांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि विचारलं, “कोण बोलतंय?” त्याने आजचं तापमान सांगितलं. बाबांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, मला हे नीट समजलं नाही. बाबा म्हणाले, जो आधी आपलं नाव सांगत नाही त्याला लाइन द्यायची नसते, आणि त्याची वायर काढली. सध्या तो कपाटात लोकरीच्या कपड्यांत आहे. उबेत आहे, काळजी नसावी.

मग मी आमच्या वायरमनला विचारलं. तो कवळी बसवायला आमच्या दातांच्या लॅबमध्ये आला होता, म्हणजे त्याचे दात माझ्या हातात होते, तेव्हा खरं बोलण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. तो म्हणाला, गाणी लावणारा, हवामान सांगणारा आणि शिवाय घर सांभाळणारा डबा घेऊ नका. फक्त घर सांभाळणारा घ्या. दहा कामं करणारा एकही धड करत नाही. मी म्हटलं, अहो, मग माझ्याबद्दल काय मत आहे? पण तोंडात माझा साचा असल्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे अशा डब्यांतही दोन जाती. एक जात प्रत्येक गोष्ट आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला विचारते आणि मग दिवा लावते. दुसरी घरातल्या घरात ठरवते, इंटरनेट असो वा नसो. बाबांच्या गल्लीत दर गुरुवारी कोणी ना कोणी रस्ता खणतं आणि इंटरनेट जातं. तेव्हा मला दुसरी जात हवी. दिवा लावण्यासाठी परदेशाची परवानगी घेणं बाबांना पटणार नाही, आणि मलाही नाही.

आणि दुधाचा विषय प्रत्येक वेळी काढायलाच हवा का? एकदा झालं, संपलं. नवीन पातेलं मी आणलंय.

तुझ्या दादाने ‘हं’चा खुलासा केलाय. तो म्हणतो, त्याचा अर्थ ‘हं’ असाच होता.

वहिनी


१ फेब्रुवारी

वहिनी,

आशीर्वाद मिळाले. तीन वर्षांच्या ज्येष्ठतेचं व्याज फार लावतेस.

सोबत मी केलेला तक्ता आहे. बाजारातले नऊ हब आणि सतरा रकाने. कोणता कोणत्या यंत्रांशी जुळतो, बॅटरी गेली तर कळवतो का, बनवणारी कंपनी किती वर्षं टिकून आहे, सगळं. तुझ्या वायरमनचा रकाना यात नाही. दात नसलेल्या साक्षीदाराची साक्ष आमच्याकडे धरत नाहीत.

तू म्हणतेस तो घरातल्या घरात चालणारा हब चांगलाच आहे. तक्त्यात त्याचा पहिला नंबर येतो. पण चौदावा रकाना बघ: ‘दुरून दिसतं का?’ तिथे त्याच्यापुढे लिहिलंय, मर्यादित. मला मर्यादित नकोय. मला सगळं दिसलं पाहिजे. बाबा किती वाजता उठले, स्वयंपाकघरात गेले का, दार उघडलं का, बाथरूममधून बाहेर आले का.

का ते एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. आई गेली ते मला अकरा तासांनी कळलं. दादाला वाटलं तू कळवलंस. तुला वाटलं त्याने. बाबा फोनशेजारी बसून होते आणि त्यांना वाटलं तुम्ही दोघांनी. त्या अकरा तासांत मी ऑफिसला गेले, एका माणसाचा पाण्याने भिजलेल्या फर्निचरचा दावा नामंजूर केला, येताना नवी चप्पल घेतली. मी ती चप्पल अजून घातलेली नाही. तेव्हा वहिनी, ‘कोणीतरी कळवेलच’ या यंत्रणेवर माझा विश्वास नाही. मला असं यंत्र हवं ज्याला ‘मला वाटलं’ असं काही वाटत नाही.

आणि रविवारी बाबांना फोन करून काही कळत नाही, हे तुलाही माहीत आहे. “ठीक. तू? ठीक. ठेवतो.” चाळीस सेकंद. टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या माणसाला लाइन अडवून ठेवणं पाप वाटतं.

माझ्या पसंतीचा हब, म्हणजे तुझ्या भाषेत पहिल्या जातीचा, सगळ्या सेन्सरांसकट पाठवलाय. हा बोलत नाही. कपाटात ठेवायला निमित्त नाही.

तुझी नणंद


२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. अकरा तासांत माझाही वाटा आहे. तेव्हाही होता. म्हणून मी हब बसवला. तुझाच, निमूटपणे. निमूटपणा माझ्या अंगाला लागत नाही, हे तू पुढे वाचशीलच.

पहिले नऊ दिवस सगळं सुरळीत चाललं. बाबा खुर्चीतून उठले की दिवा लागायचा, बसले की काही वेळाने विझायचा. बाबा म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या मागे दिवे बंद करत फिरतंय, नाहीतर मीच फिरायचो. तू तिकडे बसून बघत होतीस. दुपारी दोन वाजता मला तुझा निरोप, “बाबा बाथरूममध्ये चौदा मिनिटं आहेत.” मी दुसऱ्याच्या जबड्याचा साचा हातात धरून तुला कळवलं की माणूस कधीकधी असतो.

दहाव्या दिवशी कंपनीचा सर्व्हर बसला. गल्लीत कोणी खणत नव्हतं, इंटरनेट ठणठणीत होतं, पण तीन देशांपलीकडे कुठलं तरी यंत्र आजारी पडलं आणि आपल्या घरातला एकही दिवा लागेना. संध्याकाळी मी गेले तर बाबा अंधारात बसलेले. भिंतीवरचं जुनं बटण दाबायचं ना, मी म्हटलं. म्हणाले, दाबलं होतं, पण तू पाटी लावली आहेस ना, ‘बटणांना हात लावू नये, यंत्रणा बिघडते’. म्हणून परत होतं तसं केलं. ती पाटी तुझ्या सूचनेवरून माझ्या अक्षरात होती. दोघींच्या शहाणपणाची बेरीज करून बाबा दोन तास अंधारात बसले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जातीचा हब आणला. काडेपेटीएवढा काळा डबा, आणि त्याला दुसरं कामच नाही. नेमका त्याच दिवशी बाबांच्या अंगात एक्सचेंज संचारलं. त्यांनी माझ्या हातातून माहितीपत्रक काढून घेतलं, भिंग आणलं, आणि तीन दिवसांत सगळी यंत्रं स्वतः जोडली. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘स्वयंपाकघर १, धूर’, ‘स्वयंपाकघर २, गॅस’, ‘दार १’. रूळ मारलेली एक वही केली आहे. रोज सकाळी पेन्सिल घेऊन एकेक यंत्र तपासतात आणि पुढे लिहितात, चालू. परवा मुद्दाम गॅस उघडा ठेवून बघितला. नळीवरचा कॉक आपोआप फिरला आणि गॅस बंद झाला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तो त्यांनीच शोधून काढलाय. बाथरूममधलं यंत्र मात्र त्यांनी काढलं. तिथे लाइन द्यायची गरज नाही, म्हणाले.

आता तुझ्या चौदाव्या रकान्याबद्दल. हा हब सगळं घरातच ठेवतो. बाहेर काय जाऊ द्यायचं ते आपण ठरवायचं. मी बाबांना विचारलं, ताईला काय काय दाखवायचं? त्यांनी वहीची पानं उलटली. मग म्हणाले, बाहेरगावची लाइन मोजूनच द्यायची असते. एक देऊ. खुर्चीशेजारचा दिवा.

दार नाही, खोल्या नाहीत, फक्त दिवा. मी वाद घातला, तुझ्या वतीने घातला, यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. ते म्हणाले, “तिला म्हणावं, एवढा पुरेल.” धूर किंवा गॅसची घंटा वाजली तर माझा फोन वाजतो, आणि मी दोन गल्ल्यांवर आहे. तुझ्या फोनवर परवापासून, सव्वीस तारखेपासून, दिवा दिसायला लागेल. चालू की बंद, आणि वेळ. तिथे एक बटणही आहे, त्याने तुला तो दिवा तिकडून लावता-विझवता येईल.

पाटी मी काढून टाकली आहे.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. म्हणून तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. हे चौथं.

तुम्ही मला एक दिवा दिलात. भिकाऱ्यालाही माणूस जरा बघून देतो. पण एका नोंदीवरूनही खूप काही कळतं, माझं पोटच त्यावर आहे. एकतीस दिवस मी त्या दिव्याची नोंद ठेवली.

रोज सकाळी बरोबर सात वाजता बाबा दिवा लावतात आणि विझवतात. पुन्हा लावतात, विझवतात. पुन्हा. तीन वेळा. रोज. त्या वेळी उजाडलेलं असतं, वाचायला दिवा लागत नाही. दोन दिवस तर चार वेळा केलं. अकरा मार्चला सात चाळीसला केलं. सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली की यंत्र तपासत असतील. पण तपासायला एकदा पुरतं. एकतीस दिवस, तेच, तसंच.

आमच्या ऑफिसला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना मी नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, तेवढ्यावरून सांगता येत नाही, पण आपण एखादी गोष्ट केली हे विसरून ती पुन्हापुन्हा करणं हे एक लक्षण असू शकतं. शिवाय आधी काही घडलंय का, असं त्यांनी विचारलं. मी दुधाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवण्याचा अर्थ काय असतो, हे आईच्या वेळी कळलंय मला.

तू म्हणशील, बटण होतं, दाबून बघायचंस. वहिनी, पुराव्याला हात लावायचा नसतो. मी एकदाही दाबलं नाही. मी फक्त बघितलं.

निवासातली खोली अपेक्षेपेक्षा लवकर रिकामी झाली आहे. पंचवीस एप्रिलपासून मिळेल. मी होकार कळवलाय. बावीसला येते. बाबांना मी स्वतः सांगेन, तोवर तू सांगू नकोस. त्यांचे उबेचे कपडे तेवढे बांधून ठेव, टेकडीवर वारं असतं. स्पीकर त्याच कपाटात आहे ना? तोही टाक. तिथे निदान त्यांच्याशी कोणीतरी बोलेल.

शेवटचं वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

तुझी नणंद


४ एप्रिल

वन्सं,

मी तुम्हाला अहो-जाहो करायला लागले की मी रागावले आहे, हे तुम्हाला माहीत आहे. हे पत्र त्याच आवाजात वाचा. राग तुमच्यावर आहे की माझ्यावर, ते शेवटी ठरवा.

सांगू नकोस म्हणालात, म्हणून खोलीचं सांगितलं नाही. पण दिव्याबद्दल मी काल बाबांना विचारलं. सरळ विचारलं, रोज सातला तीन वेळा काय करता? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पृथ्वी कशावर फिरते हे विचारलं असावं.

एक्सचेंजमध्ये सकाळची पाळी सुरू झाली की पहिलं काम ठरलेलं असे. बाहेरगावच्या प्रत्येक लाइनवर तीन घंट्या द्यायच्या. बोलायचं काही नाही. पलीकडचा माणूस तीन घंट्या परत देणार. आल्या की वहीत लिहायचं, चालू. नाही आल्या की लिहायचं, उत्तर नाही, आणि पुन्हा एकदा करून बघायचं. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. त्यांच्या लेखी सकाळ उजाडते म्हणजे हेच होतं.

मी म्हटलं, बाबा, हे तुम्ही ताईला सांगितलं होतं? म्हणाले, सांगायचं काय त्यात, टेलिफोनवाल्याच्या मुलीला? ज्या दिवशी चार वेळा केलं तो चौथा फेरा, तिला दिसलं नसेल म्हणून. अकरा मार्चला बल्ब गेला होता. स्टूल शोधून, माळ्यावरून नवा काढून, बदलून होईपर्यंत सात चाळीस झाले. त्यांना त्या उशिराची अजून लाज वाटते.

मग त्यांनी वही दाखवली. धूर, चालू. गॅस, चालू. दार, चालू. सगळ्यात खाली एक ओळ: ‘बाहेरगाव १’. तो दिवा नाही, वन्सं. त्या तुम्ही. त्या ओळीपुढे सव्वीस फेब्रुवारीपासून काल सकाळपर्यंत सदतीस दिवस, सदतीस वेळा, त्यांच्या बारीक अक्षरात एकच गोष्ट लिहिली आहे. उत्तर नाही.

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला का नाहीत? म्हणाले, “लाइनमध्ये दोष तिकडच्या बाजूला आहे. तिची माणसं बघतील.” मग म्हणाले, मागे एकदा तिला कळवायला फार उशीर झाला. तेव्हापासून मनात होतं, रोज कळवावं. साधन मिळत नव्हतं.

म्हणजे ते सकाळी तुम्हाला सांगत होते की मी आहे. आणि तुम्ही ते मोजून डॉक्टरांना देत होतात.

आता माझी पाळी. दूध मी ठेवलं होतं.

रोज लॅबला जाण्याआधी मी साडेसातला तिथे जाते, हे तुम्हाला माहीत नाही, कारण मी कधी लिहिलं नाही, लिहिलं असतं तर उपकार दाखवते असं वाटलं असतं. त्या दिवशी दूध ठेवलं आणि लॅबमधून फोन आला. एका बाईंची कवळी तुटली होती आणि दहाला त्यांची मुलाखत होती. मी तशीच धावले. बाबा मागच्या खोलीत होते, त्यांना मी आल्याचंही माहीत नव्हतं. परत आले तेव्हा खिडकी फुटली होती. मी तोंड उघडायच्या आत बाबा समोरच्या गृहस्थांना म्हणाले, मी ठेवलं, विसरलो. जळकं पातेलं बघून त्यांनी काय ते ओळखलं होतं. नंतर मला एकटीला म्हणाले, “ती तुला जन्मभर ऐकवेल. मला काय, चार दिवस.”

तेव्हा यादी नव्हती, निवास नव्हतं. ते आलं तेव्हा मी दोनदा सांगायला निघाले. दोन्ही वेळा त्यांनी अडवलं. खरं म्हणजे अडवायला फार जोर लावावा लागला नाही. दिवसभर लोकांना दात बसवणाऱ्या बाईची ऐन वेळी दातखिळी बसली. जानेवारीपासून मी तुम्हाला टोमणे मारत राहिले, कारण टोमण्यांच्या आड माणूस बरा लपतो. हे तुम्हाला मी काय सांगावं.

उबेचे कपडे बांधलेले नाहीत. बांधणार नाही. कोणाला टेकडीवर पाठवायचंच असेल तर विसरभोळी म्हणून मला पाठवा.

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

पत्र काल मिळालं. ऑफिसच्या जिन्यात उभ्याने वाचलं. खालून वर जाणारे लोक मला वळसा घालून जात होते.

दुधाबद्दल मी रागावले आहे. किती, त्याचं मोजमाप चालू आहे, अहवाल यायला वेळ लागेल. तोवर रागावलेलीच समज. पण दावा तुझ्याविरुद्ध चालवणार नाही. पाच महिने तू ‘दुधाचा विषय काढू नकोस’ म्हणत होतीस आणि मला वाटत होतं, तुला बाबांची दया येते. सतरा रकाने केले मी, त्यात ‘रोज सकाळी साडेसातला कोण जातं’ हा रकानाच नव्हता. तो कोणत्याही हबने दाखवला नसता, आणि मी विचारलाही नसता.

आज पावणेसातपासून फोन हातात घेऊन बसले. बरोबर सातला दिवा लागला, विझला. लागला, विझला. लागला, विझला. सदतीस नव्हे, आतापर्यंत चव्वेचाळीस वेळा हे असं झालंय, आणि मी प्रत्येक वेळी पेन्सिल घेऊन बसले होते. तेही पेन्सिल घेऊन बसले होते. बापलेक शोभतो.

मला बटण दाबता येईना. अंगठा त्यावर ठेवला आणि वाटलं, उशीर झाला म्हणून रागावले असतील तर? मग दाबलं. तीन वेळा. त्यांनी बघितलं की नाही, इथून कळत नाही. बाथरूमपर्यंत सगळं बघायला निघालेल्या बाईला एवढंही कळत नाही.

निवासाला कळवलंय, खोली नको. यादीतलं नाव मात्र काढलं नाही. बाबांचं खोडून माझं घातलं. खूप खाली आहे, घाई नाही.

बावीसला येतेच आहे. रिकाम्या हाताने. चप्पल नवी असेल.

आणि मला ‘तुम्ही’ म्हणू नकोस. फार म्हातारं वाटतं.

तुझी नणंद


१५ एप्रिल

वन्सं,

बरं, तू.

दहा तारखेला मी मुद्दाम साडेसातऐवजी पावणेसातलाच तिथे गेले होते. पत्र तुला मिळालं असेल असा अंदाज होता, आणि तू काही करशील की नाही याचा अजिबात अंदाज नव्हता. तुझा दादाही आला. त्याने चहा केला, गॅसपाशी शेवटपर्यंत उभा राहिला. बघ, यंत्र बसवल्यावर माणसंही सुधारतात.

सातला बाबांनी दिव्याच्या प्लगवरचं बटण तीन वेळा दाबलं. मग खुर्चीत बसले, वही मांडीवर घेतली, पेन्सिलीला टोक केलं. धूर, चालू. गॅस, चालू. दार, चालू. शेवटच्या ओळीवर आले, ‘उत्तर’ एवढं लिहिलं, आणि दिवा लागला.

विझला. लागला. विझला. लागला. विझला.

बाबांनी वर बघितलं नाही. त्यांनी रबर शोधलं, ते चष्म्याच्या घरात होतं, ‘उत्तर’ खोडलं, कागदावरचा कचरा फुंकून टाकला आणि लिहिलं, ‘बाहेरगाव १, चालू’. मग बराच वेळ पेन्सिल तिथेच टेकवून बसले. तुझ्या दादाने चहाचा कप त्यांच्यापुढे धरला, तो त्यांना दिसला नाही. दादा म्हणाला, “हं.” या वेळी मला अर्थ कळला.

मी विचारलं, बाबा, ताईला काही निरोप लिहू का? आता खूश आहेत, दाराची लाइनही देऊन टाकतील, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“लिही,” म्हणाले, “दोन मिनिटं उशीर झाला.”

तुझी वहिनी